आपल्या गावाचा भूगोल, इतिहास आणि वारसा कसा लिहावा : मराठवाड्यातील गावांसाठी मार्गदर्शिका

गावाची माहितीपुस्तिका काढायची असे ग्रामसभेत ठरले की काम बहुतेक ठिकाणी एकाच वळणाने जाते. आरंभी रामायणकाळातील एखादी आख्यायिका, मग ग्रामदैवताचे माहात्म्य, त्यानंतर सरपंचांची यादी आणि अखेरीस यात्रेची छायाचित्रे. एवढे वाचूनही हे गाव शेजारच्या गावाहून वेगळे कसे, याचा पत्ता लागत नाही. गावाचे टिपण जमिनीपासून वर चढत जावे, असे माझे मत आहे. आधी शिवार व पाणी, मग वस्ती, मग कागद आणि दगड, आणि मग माणसांच्या आठवणी. लेखनाचा क्रम हा असला तरी कामाचा क्रम मात्र उलटा ठेवावा. शिवेवरचा दगड आणखी चार वर्षे थांबेल, तहसीलमधील दप्तरही बहुधा थांबेल. परंतु नव्वदीतील आजी थांबतील याची खात्री नाही. म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच म्हाताऱ्या माणसांकडे जाणे सुरू करावे आणि बाकीचे काम त्यांच्या सांगण्याच्या आधाराने पुढे न्यावे.

या पद्धतीचा एक चांगला नमुना स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवरील बास्क प्रदेशात आहे. गिपुझकोआ प्रांतातील आताउन या डोंगरी गावात 1889 मध्ये जन्मलेले आणि 1991 मध्ये तिथेच वारलेले धर्मोपदेशक व संशोधक होसे मिगेल दे बारान्दियारान यांनी गावाच्या पाहणीसाठी एक सविस्तर प्रश्नावली तयार केली. घर कसे बांधले आहे, चूल कुठे आहे, गुरे कुठे बांधतात, शेजाऱ्याने शेजाऱ्यासाठी काय करायचे असते, मयताला कोणत्या वाटेने नेतात, असे तिचे स्वरूप होते. पुढे ‘एटनिकेर’ नावाच्या गटांनी त्याच प्रश्नांच्या आधारे गावोगाव पाहणी केली, आणि प्रश्न समान असल्यामुळे एका गावाची उत्तरे दुसऱ्या गावाच्या उत्तरांशी ताडून पाहता आली. तेथील ग्रामीण भागात प्रत्येक शेतघराला नाव असते आणि मालक बदलला तरी घराचे नाव सहसा टिकते. त्यामुळे घर हाच पाहणीचा मूळ घटक ठरला. आपल्याकडे घराला असे नाव नसते, पण शेताला, विहिरीला, ओढ्याच्या वळणाला असते. मराठवाड्यात ही पाहणी शिवारापासून सुरू करणे म्हणूनच अधिक फलदायी ठरते.

शिवार आणि पाणी

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्यावी, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा. पहिल्या नकाशात शेतांच्या हद्दी असतात, दुसऱ्यात चढउतार, ओढे, वाटा आणि जुन्या वस्त्या असतात. दोन्ही हाती घेऊन, कोतवाल आणि शिवाराची माहिती असलेला एखादा वयस्कर शेतकरी यांच्यासह शिव पायी फिरावी. रब्बीची काढणी झाल्यावर, म्हणजे फाल्गुनाच्या सुमारास, रान मोकळे असते आणि बांधावरचे दगड दिसतात. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात त्या जागा आवर्जून पाहाव्यात, कारण तिथे बहुधा एखादा जुना दगड, म्हसोबा किंवा मोठे झाड असते.

चालताना प्रत्येक तुकड्याचे लोकांच्या तोंडचे नाव टिपावे. बरड, चोपण, लवण, गायरान, इनामाची पट्टी, पीराचे रान, महारकी, जोशाचा मळा अशी नावे गट नंबरात येत नाहीत. ती फक्त बोलण्यात राहिली आहेत. यांतील कित्येक नावे जमिनीचा पोत सांगतात, तर कित्येक जुन्या वतनाची खूण सांगतात. जातीवाचक नाव असेल तर ते नकाशावर मोठ्या अक्षरांत मिरवण्याची गरज नाही, पण टिपणात त्याची नोंद आणि ती जमीन कोणत्या सेवेच्या बदल्यात दिलेली होती याची माहिती असलीच पाहिजे, अन्यथा इतिहासातून नेमके तेच कुटुंब गळते ज्याच्याविषयी कागद आधीच कमी आहेत.

त्यानंतर पाण्याचा मार्ग लावावा. आपल्या ओढ्याचे पाणी कोणत्या नदीला आणि ती नदी कोणत्या खोऱ्याला मिळते, हे बऱ्याच पुस्तिकांत नसते. बालाघाटाच्या रांगेवर वसलेल्या गावांत हा प्रश्न विशेष रोचक असतो, कारण एका उताराचे पाणी मांजरा किंवा तेरणेवाटे गोदावरीला जाते आणि दुसऱ्या उताराचे सीनेवाटे भीमेला, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यात. मांजरा बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि तेलंगणात कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. तिच्या काठच्या गावाने एवढे वाक्य तरी लिहावेच.

भूगर्भाची माहिती मिळवण्यासाठी पुस्तकापेक्षा विहीर बरी. नवी विहीर खोदली जात असेल तर काठावर उभे राहून थर वरून खाली नोंदवावेत. वर काळी माती, तिच्याखाली पांढरट चुनखडीचे खडे मिसळलेली माती, मग मुरूम, मग कठीण काळा पाषाण, त्याखाली बारीक छिद्रांत पांढरे खनिज भरलेला मांजऱ्या दगड, आणि मध्येच कुठे विटेच्या रंगाचा, हाताने चुरगळणारा लाल थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकामागून एक लोटांनी पसरला. एक लोट थिजून त्याचा पृष्ठभाग झिजला आणि त्यावर दुसरा लोट आला, की मधल्या झिजलेल्या भागाचा हा लाल थर होतो. विहिरीला पाणी कोणत्या थरात लागले हे मालकाला पक्के ठाऊक असते. तो आकडा परसात किंवा फुटांत जसा सांगेल तसा लिहून घ्यावा आणि मीटरमध्ये कंसात द्यावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर गावात अथवा जवळपास असेल तर तिच्या पातळ्यांच्या नोंदीही मागाव्यात. पावसाचे आकडे मात्र महसूल मंडळाचे असतात. ते देताना मंडळाचे नाव लिहावे, ‘आमच्या गावचा पाऊस’ म्हणू नये. पिके, झाडे, पक्षी यांसाठी ग्रामपंचायतीत 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार केलेली लोक जैवविविधता नोंदवही असते. ती उघडून पाहावी, आणि शेजारच्या गावाचीच यादी उतरवलेली नाही ना, याचीही खात्री करावी.

पांढरी

आपल्या बोलण्यात शेती ती काळी आणि वस्ती ती पांढरी. शतकानुशतके राख, शेण, भिंतींची माती आणि कुजलेले पदार्थ एका जागी साचल्यामुळे वस्तीच्या जागेची माती फिकट होते आणि जमीन आजूबाजूपेक्षा उंचावते. गावठाणाबाहेर असे पांढरे टेकाड असेल तर तिथे पूर्वी वस्ती होती, असे धरून चालण्यास हरकत नाही. महसुली कागदात ‘बेचिराख’ म्हणून नोंदलेली, म्हणजे शिवार आहे पण दिवा लागत नाही अशी गावे मराठवाड्यात ठिकठिकाणी आहेत. त्यांची पांढरी बहुधा सापडते.

पावसाळ्यानंतर अशा टेकाडावर खापरांचे तुकडे, शंखाच्या बांगड्यांचे अवशेष, मणी उघडे पडतात. त्यांचे जागेवरच, बाजूला मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि वस्तू तिथेच राहू द्याव्यात. खोदकाम करू नये. पांढरी माती शेतात टाकण्यासाठी ट्रॅक्टरने उचलून नेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि तिने अनेक टेकाडे संपवली आहेत. ग्रामपंचायतीने ठराव करून ती थांबवली तर पुस्तिकेपेक्षाही मोठे काम होईल. नाणी किंवा मौल्यवान वस्तू सापडल्यास 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि हे तहसीलदारांमार्फत करता येते. खापरे किती जुनी हे स्वतः ठरवू नये. तेर आणि पैठण ही सातवाहनकाळातील व्यापारी नगरे आपल्याच भागात होती, म्हणून आपलेही टेकाड सातवाहनकालीन, असा उत्साह आवरावा. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जाऊन तेथील खापरे आणि मृण्मय वस्तू आधी नजरेखालून घालाव्यात, मग राज्य पुरातत्त्व विभागाला छायाचित्रे पाठवावीत.

कागद

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, 1 नोव्हेंबर 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात आहे. कागद शोधताना ही तीन वळणे सतत लक्षात ठेवावी लागतात, कारण पश्चिम महाराष्ट्रातील मार्गदर्शिका वाचून मोडी शिकून आलेल्या तरुणाला इथे पहिल्याच दप्तरात उर्दू भेटते. संस्थानचा कारभार आधी फारसीत होता आणि 1884 च्या सुमारास तो उर्दूत आला. गावपातळीवर मात्र कुलकर्ण्यांचे मोडी लेखनही चालू होते. दोन्ही लिपी जाणणारा माणूस विरळा असल्याने दोन वाचक शोधावेत. उर्दूसाठी तालुक्यातील एखादे निवृत्त शिक्षक सहसा मदत करतात.

सुरुवात 1954-55 च्या खासरा पत्रकापासून करावी. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते आणि गावाची एक पूर्ण स्थिती त्यात पकडलेली असते. सर्वे नंबर, क्षेत्र, मालक, कूळ, पीक, विहीर, झाडे असे सर्व एका ओळीत येते. त्यामागे जायचे तर सेतवार, म्हणजे शेतवार सर्वेचा तक्ता, आणि त्याही आधीचे पाहणीचे कागद पाहावेत. पुढे यायचे तर फेरफार नोंदवही आणि सातबारा. एकत्रीकरणानंतर सर्वे नंबरांचे गट नंबर झाल्यामुळे दोहोंचा मेळ घालणारा तक्ता प्रथम करून ठेवावा, नाही तर एकच शेत दोनदा मोजले जाईल. इनाम असेल तर संबंधित घराण्याकडे किंवा देवस्थानाकडे ‘मुंतखब’ असण्याची शक्यता असते. निजामी राजवटीत इनामाची चौकशी होऊन दिलेला तो निर्णयपत्राचा कागद आहे आणि त्यात इनाम कोणी, कशासाठी, कोणाला दिले याचा तपशील असतो.

या कागदांवरचे साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेचे असते. दख्खनच्या फसली सालात 590 मिळवले की इसवी सन येतो. परंतु हैदराबादचे सरकारी फसली वर्ष साधारण ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होत असल्याने आजूर, दय, बहमन या पहिल्या तीन महिन्यांसाठी 590 आणि इस्फंदारपासून पुढच्या महिन्यांसाठी 591 मिळवणे योग्य. उदाहरणार्थ, पोलीस कारवाईचा, म्हणजे भारतीय सैन्याने संस्थान ताब्यात घेतले तो, सप्टेंबर 1948 हा 1357 फसलीत येतो. शके असेल तर 78, आणि जुन्या मोडी कागदातील सुहूर सनासाठी 599 किंवा 600 मिळवावेत. हिजरी वर्ष चांद्र असल्याने तिथे अशी सरळ बेरीज चालत नाही. त्यासाठी तक्ताच पाहावा. रकमा हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या चलनात असतात. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये, हा सरकारी दर ध्यानात ठेवला म्हणजे ‘एवढा सारा कसा’ हा गोंधळ होत नाही.

गाव पूर्वी कोणाच्या ताब्यात होते हे ठरवणे फार महत्त्वाचे आहे. थेट सरकारचे म्हणजे दिवाणी, निजामाच्या खाजगीतील म्हणजे सर्फ-ए-खास, निजामासाठी फौज बाळगणाऱ्या पायगा सरदारांचे, अथवा जहागिरीचे, यांपैकी प्रत्येकाचे दप्तर वेगळे होते आणि सारा वसूल करण्याची रीतही वेगळी होती. जहागिरी 1949 मध्ये रद्द झाल्या. जहागिरीच्या गावांतले कागद अनेकदा त्या घराण्याकडेच राहिले किंवा हैदराबादला गेले. तारनाका येथील तेलंगण राज्य अभिलेखागारात त्यांचा शोध घेता येतो.

जनगणना आणि गॅझेटियर पाहताना जिल्ह्याचे जुने नाव ठाऊक हवे. जालना जिल्हा 1981 मध्ये, लातूर 1982 मध्ये आणि हिंगोली 1999 मध्ये झाला. म्हणून लातूरच्या गावाची जुनी माहिती उस्मानाबादच्या खंडात, हिंगोलीची परभणीच्या खंडात पाहावी लागते, आणि अंबाजोगाई जुन्या कागदांत मोमिनाबाद म्हणून येते. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर मात्र गावातच असते. आडनावे, व्यवसाय, मुली शाळेत येऊ लागल्याचे पहिले साल, दुष्काळाच्या वर्षी एकदम गळालेली नावे, असा गावाचा सामाजिक इतिहास त्यात ओळीओळीने साठलेला आहे. ते वापरताना व्यक्तींची नावे छापू नयेत. संख्या आणि सालेच द्यावीत.

दगड, बारव आणि माळवद

मारुतीच्या देवळापुढे किंवा वेशीजवळ शेंदूर फासलेले, पूजेत असलेले उभे दगड असतात आणि गावकरी त्यांना देव म्हणतात. त्यांतील बरेचसे वीरगळ असतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर असतो. कडेला गाई कोरलेल्या असतील तर तो गुरे सोडवताना मारला गेला असे समजावे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, त्यावरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. गावाच्या इतिहासात राजांची नावे येतात ती बाहेरून. हा दगड मात्र इथेच मेलेल्या माणसाचा आहे, म्हणून त्याला दोन पाने खुशाल द्यावीत.

शेंदराचा थर खरवडू नये. तो देवस्थानच्या श्रद्धेचा विषय आहे आणि खरवडताना दगडही झिजतो. छायाचित्र सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे पडत असताना घ्यावे. रात्री बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने प्रकाश टाकला तर दिवसा न दिसणारी अक्षरेही उठून दिसतात. लेखात खडू, पीठ किंवा रंग भरू नये. लातूर, धाराशिव, नांदेड या पट्ट्यात जुने लेख कन्नडमध्येही असतात, कारण हा प्रदेश दीर्घकाळ कल्याणीच्या चालुक्यांकडे होता; त्यामुळे वाचता येत नाही म्हणून लेख ‘अगम्य’ ठरवू नये.

प्रत्येक दगडी देवळाला हेमाडपंती म्हणण्याची सवय सोडावी. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री होता, आणि चुन्याविना रचलेली अनेक मंदिरे त्याच्या आधीची आहेत. टिपणात मंदिराची दिशा, गर्भगृह आणि मंडपाची मापे, खांबांची संख्या, द्वारशाखेवर (दाराच्या चौकटीवर) आणि ललाटबिंबावर (चौकटीच्या वरच्या मध्यभागी) काय कोरले आहे, कोणता भाग नंतर सिमेंटने बांधला, एवढे आले म्हणजे काळ ठरवण्याचे काम जाणकारांना करता येते. बारवेचेही तसेच. आकार चौकोनी की अष्टकोनी, पायऱ्या किती बाजूंनी, कोनाडे किती, आज पाणी आहे का, हे लिहावे. अलीकडे गावोगावी तरुणांनी बारवा गाळमुक्त केल्या आहेत; तसे झाले असेल तर गाळात काय सापडले आणि ते आता कुठे आहे, याचीही नोंद करावी.

घरांकडे मात्र फारच कमी लोक पाहतात. जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब-तुळया, त्यांवर मातीचे सपाट छत म्हणजे माळवद, पुढे ढेलज, आत ओसरी, भिंतीत धान्याचे बळद आणि अंगणात पेव, हे मराठवाड्याचे घर झपाट्याने जात आहे. त्याचे गोडवे गाताना 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाची आठवण ठेवावी. औसा, निलंगा आणि उमरगा तालुक्यांतील गावांत पहाटेच्या झोपेत हजारो माणसे गेली ती मुख्यतः याच जड भिंती आणि माळवदांखाली. त्या पट्ट्यातील ज्या गावांचे स्थलांतर झाले त्यांनी जुन्या गावठाणाचा आराखडा, कोणाचे घर कुठे होते यासह, आठवणीतून काढून घ्यावा. नव्या गावाच्या सरळ रस्त्यांवर ती शेजारपणे दिसत नाहीत.

माणसे

वडीलधाऱ्यांना ‘गावाचा इतिहास सांगा’ असे म्हटले की ते ऐकीव आख्यायिका सांगतात. प्रश्न त्यांच्या हाताच्या कामाविषयी विचारावेत. ‘आजी, तुम्ही नांदायला आलात तेव्हा पाणी कुठून आणत होता?’, ‘अण्णा, बैलाची वेसण कुठून आणायचा?’, ‘चाचा, मोहरमचे पंजे कोणाच्या घरी बसायचे आणि पुढे कोण नाचायचे?’ असे विचारले की बोलणे आपोआप वाढते. बायका बाहेरगावाहून आलेल्या असतात, म्हणून गावाचे वेगळेपण त्यांनाच आधी दिसलेले असते. त्यांच्याशी बोलायला गावातल्या एखाद्या मुलीने किंवा सुनेने जावे. साल विचारू नये. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, रझाकारीच्या वेळी चालता येत होते का, असे विचारून काळ लावावा. बहात्तरच्या आठवणींत रोजगाराच्या कामावरची खडी, सुकडी आणि तांबडी मिलो ज्वारी बहुतेक येतेच; गावातला कोणता पाझर तलाव किंवा रस्ता त्या कामातून झाला हे तेव्हाच विचारून घ्यावे आणि नकाशावर मांडावे.

सर्वांत अवघड भाग 1947-48 चा. रझाकारांचे अत्याचार, सरहद्दीवरचे स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प, गाव सोडून गेलेली कुटुंबे यांच्या आठवणी मोकळेपणाने सांगितल्या जातात आणि त्या पूर्ण नोंदवल्या पाहिजेत. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत मुस्लिम वस्त्यांवर जे गुदरले त्याविषयी मात्र बोलणे तुटते. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद आणि नांदेड या जिल्ह्यांची गणना सर्वाधिक झळ पोहोचलेल्यांत केली होती, आणि तो अहवाल 2013 पर्यंत सर्वसामान्यांना पाहता येत नव्हता. गावाचे टिपण करणाऱ्याने दोन्ही बाजूंच्या घरांत जावे, प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या शब्दांत वेगवेगळे लिहावे आणि जिवंत कुटुंबांची नावे छापू नयेत. ग्रामस्थ समिती हा भाग गाळण्याचा आग्रह धरील. गाळायचाच झाला तर तो छापील पुस्तिकेतून गाळावा, मूळ वह्यांतून नव्हे.

पिढ्यांची माहिती तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, दक्षिण मराठवाड्यात वंशावळी सांगत फिरणाऱ्या हेळव्यांकडे आणि तांड्यांवर भाटांकडे मिळते. ही माहिती उपयुक्त असली तरी यजमानाला आवडेल असे मूळ लावण्याकडे तिचा कल असतो, हे लक्षात ठेवूनच ती घ्यावी.

लिहिणे आणि जपणे

प्रत्येक विधानाशेजारी ते कशावरून, हे लिहावे: खासरा पत्रक, प्रत्यक्ष पाहणी, अमुक वयाच्या व्यक्तीची आठवण, किंवा केवळ आख्यायिका. आख्यायिका टाकून देऊ नये. तिला आख्यायिका म्हणून वेगळे प्रकरण द्यावे. छायाचित्रांच्या फाइलला जागेचे नाव, तारीख आणि दिशा द्यावी. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण परवानगी घेऊनच करावे आणि ती परवानगीही मुद्रणातच घ्यावी. छपाईपूर्वी मसुदा ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि आलेल्या हरकती वेगळ्या वहीत तारखेसह उतरवाव्यात, कारण त्यांतील काही पुढच्या आवृत्तीत उपयोगी पडतात. शेवटी एक संच ग्रामपंचायतीत, एक जिल्हा परिषद शाळेत, एक तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात आणि एक छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागात द्यावा, आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्यावी.